वाचकांचे प्रश्न : खेळ रंगात आला की संगणक आपोआप रीस्टार्ट का होतो?

प्रश्न : माझ्या मुलासाठी आम्ही २०२० मध्ये असेंबल केलेला संगणक घेतला. त्यात रायझन ५ ३६०० हा प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि ५०० वॅटचा एसएमपीएस (संगणकाच्या भागांना वीज पुरवणारा डबा) आहे. गेल्या दिवाळीत मुलाने साठवलेल्या पैशांतून लॅमिंग्टन रोडवरून वापरलेले आरटीएक्स ३०७० ग्राफिक्स कार्ड आणून बसवले. तेव्हापासून एखादा मोठा खेळ सुरू केल्यावर पंधरा-वीस मिनिटांत संगणक एकदम बंद पडतो आणि आपोआप पुन्हा सुरू होतो. विंडोजमध्ये गंभीर चूक झाल्यावर येणारा निळा पडदा किंवा कोणतीही सूचना दिसत नाही. पावसाळ्यापासून तर हे रोजचेच झाले आहे. अभ्यास, चित्रपट, इंटरनेट यांत मात्र कधीच अडचण येत नाही. कारागिराने दोनदा फॉरमॅट मारला, रॅमची एक पट्टी बदलली, नवी थर्मल पेस्ट लावली. प्रोसेसरचे तापमान ७८ आणि कार्डाचे ७४ अंशांच्या वर जात नाही. विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी लाल नोंद दिसते, त्यावरून तो आता मदरबोर्ड बदलायला सांगतो आहे. संगणक ६०० व्हीएच्या यूपीएसवर चालतो. खेळांमुळेच संगणक बिघडतो असे माझे मत आहे आणि मुलाला ते मान्य नाही. कृपया मार्गदर्शन करावे.
— एक वाचक, नेरुळ, नवी मुंबई

उत्तर : मदरबोर्ड तूर्त बदलू नका आणि तिसऱ्यांदा फॉरमॅट तर मुळीच मारू देऊ नका. आपल्या पत्रातली दोन वाक्ये निदानाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची आहेत. निळा पडदा दिसत नाही हे एक, आणि इतर कामांत अडचण येत नाही हे दुसरे. पत्रात आपण ओघात उल्लेख केलेला यूपीएस माझ्या मते या प्रकरणातला पहिला संशयित आहे आणि दुसरा आहे ५०० वॅटचा एसएमपीएस.

आधी त्या लाल नोंदीविषयी सांगतो, कारण तिच्यावरून नाहक खर्च झालेली घरे मी बरीच पाहिली आहेत. ‘कर्नल-पॉवर ४१’ या नोंदीचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद न होता अचानक बंद पडला होता. ती नोंद बंद पडताना होत नाही, पुन्हा सुरू झाल्यावर विंडोज ती लिहून ठेवते. अपघातानंतर पोलीस येऊन पंचनामा करतात, तसाच हा प्रकार आहे. पंचनाम्यात गाडी कुठे आणि किती वाजता पडली ते असते, चूक कोणाची ते नसते. नावात ‘पॉवर’ आहे म्हणून मदरबोर्डवरचा वीजपुरवठा बिघडला, असा अर्थ काढायला काहीच आधार नाही. त्या नोंदीवर दोनदा क्लिक करून ‘डिटेल्स’ या भागात गेल्यास ‘बगचेककोड’ अशी एक ओळ दिसेल. तिथे शून्याखेरीज आकडा असेल, तर विंडोजला आतली चूक कळली होती आणि निळा पडदा येऊन गेला होता, फक्त तो वाचण्याइतका वेळ टिकला नाही. तिथे शून्य असेल, तर बहुतेक वेळा विंडोजला काही लिहायला उसंतच मिळाली नाही, म्हणजे तिच्या पायाखालची वीज गेली. खात्रीसाठी ‘अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टीम सेटिंग्ज’मधल्या ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’त जाऊन ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’समोरची खूण काढून ठेवावी. त्यानंतर खरोखर निळा पडदा येत असेल, तर तो पडद्यावर थांबून राहील. खूण काढूनही संगणक पूर्वीसारखाच झटक्यात रीस्टार्ट झाला, तर ड्रायव्हर, विंडोज आणि खेळ यांच्यावरचा संशय बऱ्यापैकी फिटतो.

आता खेळतानाच असे का होते ते पाहू. आपल्या घरात येणारी वीज ५० हर्ट्झची असते, म्हणजे तिचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे. बाहेरून येणारी वीज क्षणभर खाली गेली, तरी एसएमपीएसमधल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज संगणकाला काही काळ तगवून नेते. चांगल्या एसएमपीएसने पूर्ण भार असतानाही हा आधार साधारण १६ मिलिसेकंद द्यावा, अशी अपेक्षा असते. साठा तेवढाच आणि उपसा जास्त असेल, तर तो लवकर संपतो. आपला मुलगा टंकलेखन करत असताना संगणक शंभरेक वॅटसुद्धा ओढत नाही, त्यामुळे तसाच झोका येऊन गेला तरी कोणाला पत्ता लागत नाही. खेळ रंगात असताना संगणक त्याच्या तिपटी-चौपटीने वीज ओढत असतो. तेव्हा तोच झोका पुरेसा ठरतो, एसएमपीएस मदरबोर्डला दिलेला ‘वीज ठीक आहे’ हा संकेत काढून घेतो आणि मदरबोर्ड तत्क्षणी सर्वांना शून्यावर आणतो. पावसाळ्यात असे झोके वाढतात. मोठा एसी किंवा जुना फ्रिज त्याच लाइनवर असेल, तर पावसाचीही गरज नाही. कॉम्प्रेसर सुरू होताना खोलीतला दिवा क्षणभर मंद होतो का, ते पाहावे.

असे झोके सांभाळण्यासाठीच तर यूपीएस असतो, असे आपण म्हणाल. इथे थोडे गणित करू. यूपीएसवर ६०० हा आकडा व्हीएचा असतो, वॅटचा नाही. घरगुती वापराच्या ६०० व्हीए यूपीएसची खरी क्षमता बहुधा ३६० वॅट किंवा त्याहून कमी असते आणि ती मागच्या स्टिकरवर बारीक अक्षरांत छापलेली असते. दुसऱ्या बाजूला, आरटीएक्स ३०७० कार्ड २२० वॅटपर्यंत वीज घेते, प्रोसेसर ८८ वॅटपर्यंत जाऊ शकतो, आणि मदरबोर्ड, रॅम, डिस्क व पंखे मिळून पन्नासेक वॅट धरू. बेरीज ३५८ होते. एसएमपीएसची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर भिंतीतून त्यासाठी सव्वाचारशेच्या घरात वीज ओढली जाते, आणि मॉनिटर त्याच यूपीएसवर असेल तर आणखी तीसेक वॅट. प्रत्येक खेळात हे सगळे एकदम शिखरावर जात नाही, हे खरे. तरीही ३६० वॅटच्या खांद्यावर हे ओझे जास्तच आहे. मुख्य वीज चालू असेपर्यंत यूपीएस ती बहुतांशी पुढे जाऊ देतो, म्हणून निभावते. वीज क्षणभर उतरली की तो बॅटरीवर जातो, तिथे एवढा भार त्याला पेलवत नाही आणि तो हात टेकतो. पुढच्या क्षणी वीज परत येते आणि मदरबोर्डवरच्या बायॉस या मूळ प्रोग्रॅममध्ये ‘रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस’ (वीज परतल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय) चालू असेल, तर संगणक कोणी बटण न दाबता उठून बसतो. २०२० मध्ये जुन्या कार्डासह घेतलेला यूपीएस तेव्हा पुरेसा असेलही. कार्ड बदलले, यूपीएस तोच राहिला, आणि त्याची बॅटरी मूळची असेल तर ती एव्हाना म्हातारी झालेली आहे.

हे पडताळायला कारागीर लागत नाही. आपल्या चिरंजीवांना एका संध्याकाळी हेडफोन काढून, स्पीकरचा आवाज बारीक ठेवून खेळायला सांगा. रीस्टार्ट होण्याआधी टेबलाखालून ‘टक्’ असा रिलेचा आवाज किंवा बीप ऐकू आली, तर यूपीएसने कबुली दिली असे समजावे. कान हेडफोनने झाकलेले असल्यामुळे हा आवाज इतके महिने कोणी ऐकलाच नसण्याची शक्यता दाट आहे. दुसरी खूण मॉनिटरची. तो त्याच यूपीएसवर असेल आणि संगणकाबरोबर त्याचाही दिवा विझून पुन्हा कंपनीचे चिन्ह उमटत असेल, तर वीज यूपीएसपाशीच तुटते आहे. मॉनिटर चालू राहून नुसता ‘नो सिग्नल’ म्हणत असेल, तर दोष कॅबिनेटच्या आत शोधायचा.

त्यानंतर एका कोरड्या, विजा चमकत नसलेल्या संध्याकाळी यूपीएस आणि एक्स्टेन्शन बोर्ड दोन्ही बाजूला ठेवून संगणक थेट भिंतीतल्या, घट्ट बसणाऱ्या सॉकेटवर लावावा आणि तोच खेळ तासभर खेळू द्यावा. एसएमपीएसच्या मागे खोचायची वायरसुद्धा नीट दाबून बसवावी. हे मी अनुभवाने लिहितो आहे : माझ्या स्वतःच्या संगणकावर मी दोन रविवार रॅम आणि ड्रायव्हर तपासण्यात घालवले, आणि अखेरीस मागची वायर अर्धवट निघालेली सापडली. पाय टेबलाला लागला की ती हलायची आणि ऐन खेळात पाय लागतोच.

भिंतीवर थेट लावूनही संगणक रीस्टार्ट झाला, तर एसएमपीएसकडे वळावे. आधुनिक ग्राफिक्स कार्डाचा छापील आकडा ही सरासरी असते. पडद्यावर एकदम स्फोट झाला, दृश्य बदलले, की काही मिलिसेकंदांपुरती त्याची मागणी त्या आकड्याच्या दीडपटीच्या आसपास उसळू शकते. हा प्रश्न इतका जाणवू लागला, की २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या मानकात, नव्या प्रकारची कार्डाची जोडणी असलेल्या एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपुरता क्षमतेच्या दुप्पट भार सोसावा, अशी अट घालण्यात आली. आपला एसएमपीएस त्याआधीचा आहे, आणि आरटीएक्स ३०७० साठी निर्मात्याची शिफारसच ६५० वॅटची आहे. ५०० वॅटचा उत्तम प्रतीचा, नवा एसएमपीएस कदाचित हा भार ओढूनही नेईल, परंतु वर्षानुवर्षे दमट हवेत आणि धुळीत चाललेल्या, कॅबिनेटबरोबर आलेल्या साध्या एसएमपीएसकडून तशी अपेक्षा ठेवू नये. कारागीर मल्टिमीटर लावून ‘बारा व्होल्ट बरोबर येतात’ असे सांगेल, आणि ते खोटे नसेल. पण साधा मल्टिमीटर सेकंदातून दोन-चार वेळा आकडा बदलतो. काही मिलिसेकंदांची पडझड त्याला दिसत नाही. कार्डावर मुद्दाम भार टाकणारी ‘फरमार्क’सारखी चाचणी तासभर चालली आणि खेळ मात्र दहा मिनिटांत कोसळला, याचेही कोडे इथेच सुटते. त्या चाचणीचा भार जड असला तरी एकसारखा असतो, खेळाचा भार हिसके देतो.

हा संशय फुकटात तपासता येतो. ‘एमएसआय आफ्टरबर्नर’ या प्रोग्रॅममध्ये कार्डाची ‘पॉवर लिमिट’ ७० टक्क्यांवर आणावी आणि खेळात फ्रेम-रेट, म्हणजे सेकंदाला उमटणाऱ्या चित्रांची संख्या, ६० वर बांधून टाकावा. चित्रात थोडाच फरक पडेल. दोन-तीन दिवस असे खेळून एकदाही रीस्टार्ट झाला नाही आणि पूर्ववत केल्यावर पुन्हा झाला, तर आपले दुखणे विजेच्या भाराचेच आहे, यात फारशी शंका उरत नाही. त्याच वेळी कॅबिनेट उघडून एक गोष्ट पाहावी. कार्डाला दोन आठ-पिनी जोडण्या असतील आणि त्या एकाच वायरच्या दोन तोंडांनी भरलेल्या असतील, तर एसएमपीएसला दुसरी स्वतंत्र वायर आहे का ते बघून ती वापरावी. आठ-पिनी जोडणी १५० वॅटसाठी ठरवलेली आहे. जुन्या, बारीक वायरीतून दोघींचा भार एकदम नेणे बरे नाही. मॉड्युलर, म्हणजे वायरी वेगळ्या काढता येणारा एसएमपीएस असेल, तर दुसऱ्या एसएमपीएसची वायर उसनी आणून लावू नये, कारण पिनांची रचना वेगळी असते आणि कार्ड जळू शकते.

खरेदी मात्र शेवटी. शक्य असेल तर एखाद्या मित्राचा ६५० वॅटचा एसएमपीएस त्याच्या सर्व वायरींसह एका रात्रीपुरता आणून लावून बघावा. तो लावल्यावर प्रश्न मिटला, तर निर्धास्तपणे ६५० वॅटचा, पाच वर्षे किंवा अधिक वॉरंटीचा घ्यावा. यूपीएसही त्याच हिशेबाने घ्यावा. बाजारात ११०० व्हीएचे साधारण ६६० वॅट क्षमतेचे यूपीएस मिळतात. नव्या एसएमपीएसमध्ये वीज सुरळीत ओढणारी ‘अ‍ॅक्टिव्ह पीएफसी’ ही व्यवस्था असते आणि बॅटरीवर असताना पायऱ्या-पायऱ्यांची वीज देणारे काही स्वस्त यूपीएस त्याच्याशी जुळवून घेत नाहीत, म्हणून परवडत असेल तर घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा ‘प्युअर साइन वेव्ह’ प्रकारचा पाहावा.

एसएमपीएसही निर्दोष ठरला, तर रॅमचा वेग वाढवणारे ‘एक्सएमपी’ बायॉसमधून बंद करून पाहावे. कारागिराने एकच पट्टी बदलली असल्यामुळे दोन वेगळ्या पट्ट्यांची जोडी जमत नसण्याचा संभव आहे, आणि एक रात्र ‘मेमटेस्ट८६’ ही रॅमची चाचणी चालवावी. त्यानंतर कार्ड दुसऱ्याच्या संगणकात लावून बघावे. वापरलेले कार्ड म्हटले की ते मायनिंगमध्ये, म्हणजे आभासी चलन मिळवण्याच्या अखंड कामात, पिळून काढलेले असेल, ही शंका रास्त आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग थांबल्यावर अशी पुष्कळ कार्डे बाजारात आली. तापमानाचा मुद्दा मात्र मनातून काढून टाकावा. ७८ आणि ७४ हे आकडे चांगले आहेत, आणि तापलेला संगणक आधी मंदावतो, मग बंद पडून बंदच राहतो.

एसएमपीएस स्वतः उघडू नये, कारागिरालाही घरात उघडू देऊ नये. प्लग काढल्यावरही त्यातल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे ते चारशे व्होल्ट काही काळ टिकून राहू शकतात. आणि बापलेकांच्या वादात पडायचे तर, खेळामुळे संगणक बिघडत नाही. मुलाचे म्हणणे बरोबर आहे. मात्र कार्ड आणताना त्याने एसएमपीएसचे स्टिकर वाचले नाही, हेही खरे.

प्रश्न : हेडफोनची यूएसबी पिन कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला खोचली की माझा संगणक कधी कधी रीस्टार्ट होतो. कॅबिनेटला उघड्या हाताचा मागचा भाग लागला तर झिणझिण्याही येतात. इमारत जुनी आहे.
— एक वाचक, कोपरी, ठाणे

उत्तर : झिणझिण्या हे अर्थिंग नसल्याचे लक्षण आहे. एसएमपीएसच्या तोंडाशी असलेल्या फिल्टरमधले छोटे कपॅसिटर थोडीशी वीज कॅबिनेटच्या पत्र्याकडे आणि तिथून अर्थच्या तारेकडे वळवत असतात. ती तार कुठेच पोहोचत नसेल, तर पत्रा घरातल्या विजेच्या जवळपास निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो. प्रवाह अत्यल्प असतो, म्हणून झिणझिण्यांवर भागते. परंतु एसएमपीएसमध्ये खराबी झाली तर रक्षण करणारे तिथे काहीच उरत नाही. हेडफोनची धातूची पिन आत शिरताना अंगावरची स्थिर वीज किंवा हाच तरंगता ताण मदरबोर्डवर उतरतो आणि संगणक दचकतो. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमधून लावला असेल, तर तो आजच काढावा. अर्थिंग मात्र परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे. नळाच्या पाइपला तार गुंडाळण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये, कारण त्या पाइपावर शेजाऱ्यांचेही नळ आहेत. अर्थिंग झाल्यावरही रीस्टार्ट होत राहिला, तर पुढच्या यूएसबी पोर्टमध्ये पिन वाकून चिकटली आहे का, ते टॉर्चने पाहावे आणि तूर्त मागचा पोर्ट वापरावा.

प्रश्न : २०२३ मध्ये घेतलेल्या माझ्या संगणकात कोअर आय-७ १३७०० के हा प्रोसेसर आहे. एसएमपीएस ८५० वॅटचा आणि नवा आहे, यूपीएसही मोठा आहे. सुरुवातीला काही खेळ उघडताना ‘व्हिडिओ मेमरी पुरत नाही’ अशी सूचना येऊन बंद व्हायचे, आता निळा पडदा येऊन संगणक रीस्टार्ट होतो. दुकानदार ग्राफिक्स कार्ड बदलायला सांगतो.
— एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : आपल्या बाबतीत मी कार्डाला हातही लावणार नाही. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत, ज्यांत आपलाही येतो, जास्त व्होल्टेज मिळाल्याने प्रोसेसर हळूहळू अस्थिर होण्याचा दोष आढळला आणि तो कंपनीनेच मान्य केला. कार्डावर मेमरी भरपूर असतानाही ‘व्हिडिओ मेमरी पुरत नाही’ असे सांगणारी सूचना हे त्याचे ठळक लक्षण होते, कारण खेळ उघडताना माहिती उलगडण्याचे काम प्रोसेसर करतो आणि त्याची चूक कार्डाच्या नावावर जमा होते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’ या नावाच्या, हार्डवेअरमधल्या चुकांच्या नोंदी दिसत असतील, तर हा संशय अधिकच बळावतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ०एक्स१२बी या मायक्रोकोडच्या, म्हणजे प्रोसेसरच्या अंतर्गत सूचनांच्या, सुधारणा आल्या, त्या मदरबोर्डच्या नव्या बायॉसमधून मिळतात. बायॉस अद्ययावत करून त्यात ‘इंटेल डीफॉल्ट सेटिंग्ज’ निवडावीत. मात्र या सुधारणा पुढची झीज रोखण्यासाठी आहेत. झालेली झीज त्यांनी भरून येत नाही. सुधारणेनंतरही निळा पडदा येत राहिला, तर प्रोसेसरच बदलून घ्यायला हवा. डबाबंद विकलेल्या या प्रोसेसरांची वॉरंटी कंपनीने दोन वर्षांनी वाढवून एकूण पाच वर्षांची केली आहे, त्यामुळे २०२३ चे बिल शोधून ठेवावे आणि त्यावर प्रोसेसर डबाबंद म्हणून स्वतंत्र लिहिला आहे की सुटा ‘ट्रे’मधला, ते पाहावे, ट्रेमधल्या प्रोसेसरासाठी संगणक ज्याने विकला त्याच्याकडेच दाद मागावी लागते.

बायॉस बदलताना मधेच लाइट गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून हे काम यूपीएसवरच करावे. तेव्हा संगणकाला शंभर वॅटसुद्धा लागत नाहीत, त्यामुळे मोठा यूपीएस नसलेल्या वाचकांनाही या कामासाठी, बॅटरी ठीक असेल तर, ६०० व्हीएचा यूपीएस पुरतो. नेरुळच्या वाचकांनी आपला जुना यूपीएस मोडीत काढण्याची घाई करू नये.